हिंदुराव पैलवानाची पाठ

धप्प असा आवाज आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. बंबाची लाकडं कोसळली असतील म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. मग कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि मी पातेलं तसंच टाकून मोरीकडे धावले.

मामंजी ओल्या फरशीवर होते. 'पडले होते' असं म्हणावं, तर तसे ते पडलेही नव्हते. एक कोपर फरशीत रोवून, मान ताठ करून त्यांनी डावा खांदा जमिनीपासून वर उचलून धरला होता. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं, सगळं अंग लटलटत होतं, आणि तरी तो खांदा खाली येत नव्हता. मला वाटलं, झटकाच आला. मी पाठीखाली हात घालून त्यांना अलगद निजवायला गेले, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं मला असं झिडकारलं, की मी दाराच्या चौकटीवर जाऊन आदळले.

"शिवू नगोस," ते दात आवळून म्हणाले. "निजवू नगोस मला."

शेजारचे दोघंतिघं येऊन त्यांना बसतं करेपर्यंत तो खांदा तसाच वर होता. चहाचं आधण आटून गेलं होतं.

माझे सासरे हिंदुराव माळवदे म्हणजे कोल्हापुरातलं जुनं नाव. ऐन उमेदीत त्यांनी किती मैदानं मारली हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगायचं, पण त्याहून जास्त एकच गोष्ट सांगितली जायची. हिंदुरावची पाठ कुणी मातीला लावली नाही. भल्याभल्यांना त्यांनी आस्मान दाखवलं, स्वतः कधी बघितलं नाही. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून एवढ्यांदा ऐकली होती, की मला तिचा कंटाळा आला होता. म्हातारपणी ते रोज पहाटे कानटोपी घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तालमीत जायचे, कट्ट्यावर बसून पोरांच्या चुका काढायचे आणि उन्हं चढली की परत यायचे. तेवढ्या दोन फेऱ्यांवर ते जगत होते म्हटलं तरी चालेल.

त्या हिवाळ्यात ते पडायला लागले. पहिल्यांदा अंगणात, दवानं ओल्या झालेल्या पायरीवर. मनगट मोडलं. मग पहाटे अंथरुणातून झटक्यात उठताना भोवळ येऊन. तेव्हा कपाळाला खोक पडली. मोरीतलं हे तिसरं. हाडांचे डॉक्टर उपाध्ये यांनी फोटो काढायला सांगितला, तर टेबलावर मामंजी सरळ निजेचनात. एक खांदा सारखा वर. फोटो काढणारा कावला. शेवटी कुशीवरच काय निघेल ते काढलं.

डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "हे पडतात कसे?"

"घसरून," मी म्हणाले.

"घसरलेला माणूस ढुंगणावर आपटतो. तिथं मांस असतं, म्हणून देव तारतो. यांचं प्रत्येक दुखणं कडेला आहे. मनगट, कपाळ, आता हा खुबा. खुब्याला चीर पडलीय, नशिबानं मोडलेला नाही. पुढच्या खेपेला मोडेल. आणि या वयात खुबा मोडला की माणूस पलंग धरतो, मग पलंग माणसाला सोडत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं आम्ही केलं. मोरीत काथ्याची जाड पायपुसणी घातली, भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवला, शेवाळलेली पायरी घासून घासून खडबडीत केली. त्यांच्या खोलीत रात्रभर मिणमिणता दिवा ठेवला. पायात घोळणारं घोंगडं काढून घेतलं. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, मनात मारुतीचं नाव घ्यायचं आणि मगच उभं राहायचं, हे मी त्यांना लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. त्यांनीही ऐकलं. खुब्याची चीर भरून यायला दोन महिने गेले. माझा नवरा विश्वास मात्र एवढ्यावर थांबला नाही. त्यानं त्यांचं तालमीत जाणं बंद केलं. संक्रांत झाली की दवाखान्यात असतो तसा कठड्याचा पलंग घरात आणायचा आणि मामंजींनी त्यावरून हलायचं नाही, जेवणखाणही तिथंच, असं त्यानं ठरवून टाकलं.

मामंजी भांडले नाहीत. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त जेवायचे कमी झाले. दोन भाकरी खाणारा माणूस चतकोरावर आला. पहाटे उठून बसायचे, कानटोपी घालायचे आणि दाराकडे बघत राहायचे.

मला तेव्हा आणि आताही वाटतं, की पडण्यापेक्षा ते बघणं जास्त वाईट होतं.

मग एका दुपारी ते कसे पडतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पुढच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत, ऊन यायचं, म्हणून तिथं मी त्यांची गादी जमिनीवर घालून ठेवली होती. मामंजी पायात लोकरीचे मोजे घालून आले. मोजे घालून फरशीवर चालू नका म्हणून मी कितीदा सांगितलं होतं, पण पाय गार पडले की कोण ऐकतं. गादीशी आले आणि दोन्ही पाय पुढे सटकले. मी निवडायचं सूप तसंच टाकलं. पण माझं अर्धं मन निर्धास्त होतं, कारण मागे गादी होती. दोन वाकळा घातलेली मऊ गादी. नुसतं बसायचं होतं.

ते बसले नाहीत. ते हवेतच वळले. अंगाला पीळ घातला, गादी सोडली आणि कडेच्या उघड्या फरशीवर कोपर आणि कूस टेकवून आदळले. खांदा वर.

मी सूप टाकलं त्या जागी उभी होते आणि मला एकच दिसत होतं, की या माणसाला गादी मिळत होती आणि यानं फरशी घेतली. कुणी जाणूनबुजून असं करेल का? त्या दिवशी कोपर सोलपटण्यावर निभावलं. पुन्हा तसंच झालं तर खुबा गेलाच असता.

मी त्यांना सरळ विचारलं. गादी सोडून तिकडे का वळलात?

"मी वळलो न्हाई," ते म्हणाले. "तुला भास झाला आसंल, पोरी. पडताना माणसाच्या हातात काय ऱ्हातंय?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि याचाच मला जास्त धक्का बसला. डोक्याला समजावून काही उपयोग नव्हता, कारण डोकं यात नव्हतंच. वळत होती ती पाठ. सगळं आयुष्य जमिनीला न लागलेली पाठ लागायला तयार नव्हती, आणि तिच्यापायी मनगट, कपाळ आणि खुबा खर्ची पडत होते.

संध्याकाळी बाबालाल वस्ताद मामंजींना बघायला आले. तालीम त्यांच्याकडे वडिलांकडून आलेली. मामंजींपेक्षा थोडे लहान, पण पोट सुटलेले. मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं, बघितलेलं सगळं सांगितलं आणि म्हणाले, की तालमीतल्या मऊ मातीत नेऊन यांना एकदा उताणं पाडा. पाठ लागून काही होत नाही हे पाठीलाच कळलं, की पुन्हा असे वळणार नाहीत.

बाबालालांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तोबा, सूनबाई. आमच्या वडलांनी घडवलेली पाठ हाय ती. लोकं दाखला देत्यात तिचा. मी हात लावला तर वडील कबरीतनं उठून माझी साल काढतील."

विश्वासला सांगितलं तर तो माझ्याकडे वेड लागल्यासारखा बघत राहिला. मोडायला आलेल्या खुब्याच्या म्हाताऱ्या बापाला पाडायचं? लोक तोंडात शेण घालतील. वर, पलंग परवा येतोय, हे त्यानं पुन्हा ऐकवलं.

मी गडहिंग्लजकडची, शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी चारा-पाणी, शेणघाण सगळं केलेली. आपल्याला करायचंय ते आपणच करावं, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये, हे आमच्याकडे आई बोलून दाखवत नाही, करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी मी सोप्यात दोन गाद्या एकावर एक घातल्या, त्यावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा पसरल्या आणि दोन्ही बाजूंना लोड आणि तक्के असे दाबून बसवले, की मधे एका माणसाच्या पाठीएवढीच जागा राहिली. कुशीवर वळायला वावच ठेवला नाही. मग गुडघ्यांना तेल लावते म्हणून मामंजींना गादीच्या काठावर बसवलं. ते बसले. तेलाची वाटी मी बाजूला ठेवली, समोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

सासऱ्यांना सुनेनं असा हात लावायचा नसतो. ते दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"मामंजी, मला माफ करा," मी म्हणाले आणि सगळा भार टाकून त्यांना मागे रेटलं.

ते ताबडतोब वळायला गेले. डावीकडे लोड लागला, उजवीकडे तक्का. मग मान ताठ झाली आणि तो खांदा वर उचलला गेला. त्या वाळक्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, मी रेटत होते आणि खांदा खाली येत नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं होतं रागानं लाल झाले असतील. राग नव्हता. ते घाबरले होते. दहा वर्षांचं पोर मार चुकवताना बघतं तसे ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या घशातून बारीक कण्हणं निघत होतं. सोडून द्यावं असं वाटलं. पण सोडलं असतं तर उद्या पलंग आला असता, म्हणून मी डोळे मिटून घेतले आणि दाबलं.

खांदा टेकला. मामंजी एकदाच ओरडले, भाजल्यासारखे.

"काय करायलीयास तू?"

दारात विश्वास उभा होता. जेवायला आलेला. हातातली मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातून खाली पडली. आपली बायको आपल्या बापाच्या छातीवर रेलून त्याला दाबून धरतेय, एवढंच त्याला दिसत होतं. मी बाजूला झाले. विश्वास पुढे येऊन बापाला उठवायला वाकला, तर मामंजींनी त्याचा हात झिडकारला.

ते उताणे पडले होते. दोन्ही खांदे गादीला. त्यांचा उजवा हात सावकाश स्वतःच्या पाठीखाली गेला आणि वाकळेवरून चाचपडायला लागला. इकडे, तिकडे, कमरेखाली. काहीतरी शोधत होते.

"काय पाहिजे, मामंजी?" मी विचारलं.

"सराटं," ते म्हणाले. "कुठं गेलं?"

विश्वासनं माझ्याकडे बघितलं. सराटे म्हणजे माळावरचे काटे, जनावराच्या खुरात मोडणारे. मामंजींना भ्रम झाला असं आम्हा दोघांनाही वाटलं. पण ते पुरते शुद्धीवर होते. हात बाहेर काढून त्यांनी तळवा डोळ्यांसमोर धरला. तळव्याला काही लागलं नव्हतं.

"कायच न्हाई की," ते म्हणाले. मग आढ्याकडे बघत, कुणी दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसे ते सांगायला लागले.

मिसरूड फुटायच्याही आधी बापानं त्यांना थोरल्या वस्तादांच्या, म्हणजे बाबालालांच्या वडिलांच्या, हवाली केलं होतं. पोर चपळ होतं, पण पाठ पटकन द्यायचं. मग वस्तादांनी युक्ती काढली. पोत्याच्या तुकड्यात सराटे भरायचे, तो तुकडा पोराच्या उघड्या पाठीवर बांधायचा आणि दुपटीच्या गड्याशी लढायला सोडायचं. पाठ लागली की सराटे मांसात. उठायचं आणि पुन्हा लढायचं. घरी आलं की आई चिमणीच्या उजेडात सुईनं काटे काढायची आणि रडायची. बाप म्हणायचा, रडू नको, पोरगं घडायलंय. तो सगळा पावसाळा असा गेला. दसऱ्यापर्यंत पोराची पाठ लागायची थांबली.

"मग वस्तादांनी पोतं सोडलं," मामंजी म्हणाले. "पर पाठीला त्ये ठावंच न्हाई. तिला आजून वाटतंय, खाली काटं हाईत."

मी तोंडाला पदर लावला. ज्या पाठीची गोष्ट ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता, ती गोष्ट ही होती. सगळी गल्ली जिचा अभिमान मिरवत होती, ती एका पोराची भीती होती, आणि साठ-पासष्ट वर्षांत त्यानं ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

विश्वास मटकन खाली बसला. लहानपणी तालमीत जायचंय म्हणून यानं बापापुढे किती हट्ट धरला होता, उपास केले होते, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. पैलवानाचा एकुलता एक पोरगा, आणि बाप म्हणाला होता, तुझं हाड कच्चं आहे, तुझं काम नव्हे ते. विश्वासनं ते मनावर कोरून ठेवलं होतं. चारचौघांत बापाच्या कुस्त्यांचा विषय निघाला की तो उठून जायचा.

"आबा," तो म्हणाला, "म्हणून मला तालमीत घातलं न्हाईस?"

मामंजींनी आढ्यावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"तुझं हाड चांगलं हुतं," ते म्हणाले. "माझ्यापरीस चांगलं हुतं."

विश्वास चाळिशी ओलांडलेला माणूस, कारखान्यात पन्नास माणसांवर साहेब, आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मामंजींनी त्याला रडू दिलं. मग कोपरावर जोर देऊन ते स्वतः उठून बसले, गादीच्या काठाला सरकले आणि मला म्हणाले, "शैला, तू हो बाजूला." आणि लेकाला म्हणाले, "पुन्यांदा. ह्या खेपेला तू टाक."

विश्वास नाही नाही म्हणत होता. मामंजींनी त्याचे दोन्ही हात धरून आपल्या खांद्यांवर ठेवले. तेव्हाही खांदा वर आला, पण आधीएवढा ताठ नव्हता.

पलंग आला नाही. विश्वासनंच नको म्हणून कळवलं. त्यानंतर रोज दुपारी तो जेवायला आला की आधी बापाला पाडायचा, मग जेवायचा. पहिले काही दिवस मामंजी ओरडायचे. मग नुसते दात आवळायचे. होळीच्या सुमाराला तर ते पडता पडता विश्वासच्या पकडीतल्या चुका काढायला लागले. डॉक्टर उपाध्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला हात जोडले. शाबासकी म्हणून की यापुढे असलं काही सांगू नका म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मामंजी पुन्हा तालमीत जात होते; विश्वासनंच बंदी उठवली होती. एका सकाळी विश्वास त्यांना आणायला गेला आणि मी दूध घेऊन तिथूनच परत येत होते. धुकं होतं. तालमीच्या बाहेरची पायरी दवानं चकचकीत झाली होती. मामंजींचा पाय माझ्या डोळ्यांदेखत सटकला. माझ्या हातातली किटली सुटली. ते खाली गेले, आधी ढुंगणावर, मग सावकाश मागे, आणि रस्त्याच्या धुळीत उताणे झाले. दोन्ही खांदे जमिनीला.

सगळी तालीम बाहेर आली आणि दारातच थिजली. कुणी पुढे होईना. पडलेल्या म्हाताऱ्याला उचलायचं असतं हेसुद्धा ती पोरं विसरली. बाबालाल वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, मयतीला काढतात तशी.

"हिंदुराव," ते कसेबसे म्हणाले, "पाठ लागली की रं."

"लागू दे," मामंजी खालूनच म्हणाले. "माझ्या पोरानं ती कवाच लावलीया."

मग त्यांनी विश्वासकडे हात केला. विश्वासनं त्यांना उभं केलं. हाताला धक्का नव्हता, खुब्याला धक्का नव्हता. एक पोरगं धोतरावरची आणि पाठीवरची धूळ झटकायला पुढे आलं, तर मामंजींनी त्याला नको म्हटलं आणि ते लेकाच्या बरोबरीनं चालत घराकडे निघाले.